जंतूचा सातबारा

सकाळी साडेनऊच्या सुमाराला आशाताईंच्या नवऱ्याची मोटारसायकल आमच्या लॅबच्या मागच्या दाराशी येऊन थांबते. मागच्या सीटवर ट्यूबच्या रबराने आवळलेला थर्माकोलचा डबा. डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध उभ्या करून ठेवलेल्या, स्क्रूच्या झाकणाच्या नळ्या. ‘म्याडम, आज पाच हायेत. एकीचं झाकण ढिलं वाटून रायलं.’ हे ऐकलं की माझा चहा तिथेच राहतो.

पाचांतल्या दोन नळ्यांत बहुतेक वेळा नुसती लाळ असते. पातळ, फेसाळ, पाण्यासारखी. बेडका वेगळाच दिसतो. घट्ट, पिवळट, तार सुटणारा. नळी कलती केली तरी तो लगेच येत नाही, भिंत धरून सावकाश सरकतो. लोकांना हा फरक तोंडी सांगून कळत नाही, म्हणून मी करूनच दाखवते. दवाखान्यामागच्या कडुलिंबाखाली, वाऱ्याकडे पाठ करून, दोनदा खोल श्वास घ्यायचा, रोखायचा आणि पोटापासून खाकरायचं. पुरुष हसत हसत करतात. बायका करत नाहीत. सासरा समोरच्या बाकावर बसलेला असताना सुनेने पोटापासून खाकरायचं कसं? ती पदराआड तोंड नेते, नळीत थुंकल्यासारखं करते आणि लाळ देऊन जाते. मग अहवाल निगेटिव्ह. आमच्याकडच्या कितीतरी बायांचा क्षय लवकर सापडत नाही, त्यात या पदराचा वाटा मोठा आहे असं मला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर वाटतं. आता मी त्यांना मागे, पंपाच्या खोलीआड नेते आणि मीही त्यांच्यासोबत खाकरते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. पैनगंगा इथून फार लांब नाही. नदीपलीकडे तेलंगणा, अलीकडे कापूस, तूर आणि डोंगराच्या कडेकडेने कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे.

नोकरीला लागले तेव्हा माझं सगळं जग एका सूक्ष्मदर्शकाच्या नळीत होतं. काचपट्टीवर बेडका पसरायचा, वाळवायचा, वर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओतायचा आणि खालून स्पिरिटच्या बोळ्याची आंच द्यायची. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. त्या वाफेचा फिनाईलसारखा वास साडीला असा चिकटायचा की घरी गेल्यावर पोरगा सांगायचा, आई आज रंगकाम करून आली. मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्यांचा लाल रंग निघून जातो, क्षयाच्या जंतूचा निघत नाही. त्याच्या अंगावर मेणचट आवरण असतं, ते रंग धरून ठेवतं. शेवटी निळा रंग. निळ्या पाण्यावर लाल काड्या. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला, आणि त्यांच्या मागोमाग त्याच काळात बसवलेली ही रंगाची रीत मी एकविसाव्या शतकात जशीच्या तशी करत होते. शंभर दृश्यक्षेत्रं मोजायची. उन्हाळ्यात, लाईट गेल्यावर, आरसा खिडकीकडे वळवून मी मोजलेली आहेत.

पण काड्या दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू लागतात. त्याहून कमी असले तर डोळ्यात तेल घालून बसलं तरी काही दिसत नाही. आणि दिसलेली लाल काडी क्षयाचीच, हेही छातीठोक सांगता येत नाही. माती-पाण्यात राहणारे तिचे भाऊबंद तसेच लाल दिसतात. जंतू जिवंत आहे का, कोणत्या औषधाला दाद देईल, याचा तर पत्ताच नाही. काडी म्हणजे लांबून दिसलेला, फेटा बांधलेला माणूस. आमच्या गावात फेटेवाले काय एक आहेत?

मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, खोकत होती. बेडका तपासला, क्षय निघाला. सहा महिने गोळ्या झाल्या. बरी झाली, जाडही झाली. वर्षाने पुन्हा तेच. मग परत गोळ्या आणि त्यासोबत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. दोन महिने एक दिवसाआड तिची कंबर शेकून देणं हे माझं काम होतं. तरी काचपट्टीवर काड्या होत्याच. तेव्हा कोणीतरी सांगितलं, नमुना नागपूरला पाठवा, जंतू वाढवून पाहतील.

वाढवणं म्हणजे विरजण लावण्यासारखंच. जंतूला त्याच्या आवडीचं खाणं द्यायचं, ऊब द्यायची आणि वाट पाहायची. पण आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. अंडं घातलेल्या हिरव्या माध्यमावर त्याची फुलकोबीसारखी वसाहत डोळ्यांना दिसायला सहा-आठ आठवडे जातात. मग तीच वसाहत पुन्हा औषधांसोबत वाढवून बघायची, कोणत्या औषधासमोर ती माघार घेते. पुन्हा तेवढेच आठवडे. या सगळ्यात कोणाची हयगय नव्हती. जंतूच तसा निवांत. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड, क्षयाची दोन मुख्य औषधं, दोन्ही लागू पडत नाहीत, असा कागद आमच्या घरी आला तेव्हा मोठ्या मायची तेरवी होऊन गेली होती. काकांनी तो कागद घडी करून देवघराच्या फळीवर ठेवला. अजून आहे.

मधल्या काळात तिला उनकेश्वरलाही नेलं होतं. नदीपलीकडे, किनवट तालुक्यात ते गरम पाण्याचे कुंड आहेत. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून ते पाणी काढलं अशी कथा सांगतात. कातडीचे रोगी तिथे आंघोळीला येतात. मोठ्या मायला खोकला होता, खरूज नव्हती, पण देवाच्या पाण्याला कोणी असं विचारत नाही. मी तेव्हा कुंडात पाय सोडून बसले होते. या गरम पाण्याची गोष्ट पुढे मला लॅबमध्ये पुन्हा भेटणार आहे, हे कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

आमच्याकडे ट्रूनॅट आलं ते २०२० मध्ये, कोरोनाच्या धांदलीत. गोव्यात बनलेलं, दोन छोट्या पेट्यांचं, बॅटरीवर चालणारं यंत्र. त्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी सीबीनॅट नावाचं याच जातीचं यंत्र होतं, एसीच्या खोलीत ठेवलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०१० च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली होती. पण जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे दोन एसट्या बदलून जायचं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या लॅबमध्ये बॅटरीवर तासाभरात उत्तर देणारी पेटी येणं ही आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. सुरुवातीला त्यावर आम्ही कोरोनाच तपासला. क्षय नंतर.

यात जंतू वाढवायचा नसतो. जंतू फोडायचा, आतला डीएनए काढायचा आणि त्यातला ठरावीक तुकडाच वाढवायचा. डीएनए म्हणजे दोन पदरांचा पीळ. ९५ अंशांच्या आसपास तापवलं की पीळ उकलतो. थोडं निववलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपापल्या जोडीच्या जागी जाऊन बसतात. जागा सापडली तरच बसतात, नाहीतर नाही. आणि ते बसले की तिथून पुढे एक एंझाइम नवा पदर जोडत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्या झाल्या की हिशेबाने एका तुकड्याचे १०७ कोटींच्या वर होतात. जंतूला पाऊण दिवस लागतो ते काम यंत्र मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं.

पीसीआर नावाची ही युक्ती कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये, कॅलिफोर्नियात रात्रीची गाडी चालवताना सुचली. तिच्यासाठी त्यांना १९९३ चं नोबेल मिळालं. अडचण एकच होती. ९५ अंशांवर एंझाइम उकडलेल्या अंड्यासारखं वाया जायचं आणि दर फेरीला नवं घालावं लागायचं. त्यावर उतारा सापडला तो झऱ्यात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कढत झऱ्यांमध्ये टॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याला १९६० च्या दशकात एक जंतू मिळाला होता, थर्मस अॅक्वाटिकस. त्या पाण्यात सुखाने राहणारा, त्यामुळे त्याचं एंझाइमही उष्णतेला न बधणारं. त्याचंच नाव टॅक. प्रशिक्षणाच्या वेळी सरांनी पडद्यावर वाफाळत्या झऱ्याचं चित्र दाखवलं आणि मला उनकेश्वरचा कुंड आणि पाण्यात सोडलेले मोठ्या मायचे सुकलेले पाय दिसले. सर पुढच्या चित्रावर गेले. मी थोडा वेळ तिथेच होते.

रिफॅम्पिसिन लागू पडेल का, हेही असंच डीएनएचा तुकडा वाचून कळतं. ते औषध जंतूच्या ज्या भागावर जाऊन बसतं त्याची घडण आरपीओबी नावाच्या जनुकात लिहिलेली असते. त्या जनुकातल्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्टीत एखादं अक्षर बदललं की औषधाला बसायला जागा राहत नाही. दाद न देणाऱ्या जंतूंपैकी शंभरातल्या सुमारे ९५ जणांचा बदल याच पट्टीत सापडतो. यंत्रात घालायच्या पहिल्या चिपवर क्षय निघाला की मी त्याच अर्कातले सहा मायक्रोलिटर दुसऱ्या चिपवर टाकते. तासाभरात कळतं. मोठ्या मायला ज्यासाठी पाच महिने लागले ते.

इथपर्यंत सगळं छान आहे, आणि मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. पॉझिटिव्ह आला की मी फोन उचलायचे, आशाताईंना कळवायचे, संध्याकाळच्या आत गोळ्या सुरू. मग ती मुलगी आली.

एकोणीस वर्षांची. तीन आठवडे खोकला. त्या दिवशी तिच्याआधीचा नमुना एका दारू पिणाऱ्या काकांचा होता. इतका घट्ट की पिपेटमध्ये ओढला जाईना. मी जोर लावला. तेवढ्यात ओपीडीतून कोणीतरी मलेरियाची पट्टी मागायला आलं, मी वळले, बोलले आणि परत येऊन तेच हातमोजे घालून पुढची नळी उघडली. काकांचा अहवाल आला तो ‘हाय’. मुलीचा आला ‘व्हेरी लो’. मी नेहमीप्रमाणे फोन केला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरला. छाती काचेसारखी साफ. ‘हिचा नमुना परत घ्या,’ म्हणाले. परत घेतला, निगेटिव्ह. आणखी एक, निगेटिव्ह. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्या नळीत क्षयाचा डीएनए होताच. तो तिचा नव्हता एवढंच. डोळ्यांना न दिसणारा एक शिंतोडा, माझ्या हातमोज्यावरून गेलेला. जे यंत्र शे-दोनशे जंतू पकडतं ते माझा निष्काळजीपणाही तेवढ्याच इमानाने पकडतं. काचपट्टीच्या काळात हा शिंतोडा कोणाला दिसला नसता.

मी स्वतः तिच्या घरी गेले. तिच्या आईला सांगितलं, चूक माझी आहे, मुलीला काही नाही. आईने चहा केला. ‘तुमी तरी सांगाले आल्या,’ एवढंच म्हणाली. पोरीची सोयरीक वणीकडे ठरत आली होती. ती मोडली. कशामुळे मोडली ते मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. आता दर नमुन्याला हातमोजे बदलते, मध्ये हायपोक्लोराइटने टेबल पुसते, आणि हातात पिपेट असताना दारातून हाक मारणाऱ्याला ओ देत नाही. दवाखान्यात मला शिष्ट म्हणतात. म्हणू द्या.

दुसरी गोष्ट या यंत्राची, म्हटली तर खोड आहे, म्हटली तर स्वभाव. ते विचाराल तेवढंच सांगतं. क्षयाचे प्रायमर घातले तर क्षय आहे की नाही एवढंच. समोर दुसराच रोग बसलेला असला तरी ते मुकाट. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस नावाच्या तापाची साथ आली होती. पुढे एका वर्षी, पोळ्याच्या आठवड्यात, बांधावरचं गवत कापणारी एक बाई सहा दिवसांचा ताप घेऊन आमच्याकडे आली. मलेरिया नाही, डेंगू नाही. स्क्रब टायफसचा जंतू, ओरिएन्शिया, पेशीच्या आतच जगतो. साध्या माध्यमावर त्याचं विरजण लागत नाही. जुनी वेल-फेलिक्स नावाची तपासणी आहे, तीत तर प्रोटियस नावाच्या भलत्याच जंतूला समोर करून रक्त ओळखीचं वागतं का ते बघतात. म्हणजे शेजाऱ्याकडे चौकशी करण्यातला प्रकार. पीसीआरने तो नेमका पकडता येतो, पण ती चिप आमच्याकडे येत नाही.

आमच्या डॉक्टर मॅडमनी पडदा ओढला आणि बाईला नीट तपासलं. काखेत खाली, ब्लाउजच्या शिवणीपाशी, बिडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली होती. चिगर नावाचा बारीक किडा चावल्याची, म्हणजे स्क्रब टायफसची खूण. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईला तिचा पत्ताच नव्हता. डॉक्सिसायक्लिन त्याच संध्याकाळी सुरू झालं. नमुना नागपूरला गेला, त्याचं उत्तर आलं तेव्हा बाई घरी भाकरी थापत होती. त्या दिवशी माझ्या लॅबचा उपयोग शून्य.

कोण आहे याचा काहीच अंदाज नसेल तेव्हा ‘तू कोण?’ असा मोकळा प्रश्न विचारायचीही सोय आहे. १६ एस नावाचं सुमारे दीड हजार अक्षरांचं जनुक सगळ्या जंतूंत असतं, काही भाग सगळ्यांचा सारखा, काही ज्याचा त्याचा. कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये त्याच्याच आधाराने सजीवांच्या कुळांची नव्याने वाटणी केली. मोठ्या प्रयोगशाळांत त्यावरून अनोळखी जंतूचं कूळ शोधतात. महारोगाचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला, कॉखच्याही आधी, पण आजपर्यंत तो कोणालाही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. ज्या मुलखात दत्तपूर आणि आनंदवन उभं राहिलं तिथल्या माणसाला डीएनए वाचता येण्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण ते सगळं नागपूर-सेवाग्रामच्या अंगाचं. आमच्या टेबलावर एक पेटी आणि एक प्रश्न.

मागच्या मार्गशीर्षात एका पोडावरच्या म्हाताऱ्याचा नमुना आला. कोलाम, साठीच्या पुढचा, दोन वर्षांपूर्वी क्षयाचा पूर्ण कोर्स केलेला. पुन्हा खोकला. काचपट्टी निगेटिव्ह, ट्रूनॅट ‘व्हेरी लो’. मुलीच्या प्रकरणानंतर मी व्हेरी लोला लगेच फोन करत नाही. हातमोजे आठवले, टेबल आठवलं, नव्याने चाचणी लावली. तेच उत्तर. शिंतोडा नव्हता. पण यंत्राला जिवंत आणि मेलेला जंतू यातला फरक कळत नाही. गोळ्यांनी मारलेले जंतू फुफ्फुसाच्या जुन्या व्रणांत महिनोन्महिने, कधी वर्षांनीही, आपला डीएनए टाकून पडलेले असतात, आणि पेटी तोही वाचते. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांची घाई नको, नागपूरला कल्चरला पाठवू. म्हणजे पुन्हा विरजण. पुन्हा वाट पाहणं.

ताजा नमुना आणायला मी आशाताईंसोबत पोडावर गेले. म्हातारा अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसला होता. गुडघ्याखाली बांबू, हातात पातळ सुरी, कामटी कागदासारखी सुटत होती.

‘काय सांगते तुमची मशीन?’

‘आजोबा, जंतू दाखवते. पण तो जिता आहे का मेलेला, ते तिला समजत नाही.’

‘मेलेलाई दिसते?’

‘त्याचा तुकडा दिसतो. मेला तरी तुकडा राहतो ना.’

त्याने सुरी थांबवली नाही. एक कामटी पूर्ण काढली, वाकवून पाहिली, बाजूला ठेवली.

‘मंग हे तं सातबाऱ्यावानी झालं, बाई. माह्या बुढ्याचं नाव सातबाऱ्यावर हायेच अजून. थो जाऊन बारा वर्सं झाले. कागदात पाह्यलं तं बुढा वावरात हाय.’

आशाताई हसल्या. मी पण. प्रशिक्षणात आम्हाला हेच समजावायला सरांनी अर्धा तास आणि सात चित्रं घेतली होती. आणि खरंच, माझं सगळं काम तलाठ्याच्या कामासारखंच तर आहे. काचपट्टीवर मी फेटा पाहून नाव सांगत होते. आता गट नंबर पाहून सांगते. गट नंबर चुकत नाही. पण त्या वावरात आज कोण राबतं, कोणी राबतं का नुसतं पडीत आहे, ते बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. फेरफार व्हायचा राहिला असेल तर कागद तरी काय करणार?

तो उठला, घरामागे गेला आणि खाकरला. पोटापासून, न सांगता. नळी माझ्या हातात दिली तेव्हा भिंतीवरून बेडका सावकाश सरकत होता. चांगला नमुना. मी झाकण दोनदा आवळून पाहिलं.

‘आता किती दिवस?’

‘दीड महिना.’

‘तवा म्या नसतो इथं,’ म्हणाला. ‘वेचणीले जातो नदीपल्याड.’

नागपूरचा अहवाल आला. द्रव माध्यमात ४२ दिवस ठेवूनही काही वाढलं नाही. डॉक्टरांनी सही केली, खोकल्याचं कारण जुनी जखमी फुफ्फुसं आणि चुलीचा धूर असावं असं म्हणाल्या, गोळ्यांची गरज नाही. मी आशाताईंना फोन लावला. पोडावरची अर्धी घरं बंद आहेत म्हणाल्या, सगळे कापूस वेचायला गेलेत, म्हाताऱ्याजवळ फोन नाही, होळीला येतील. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, हातमोज्यांच्या डब्याखाली, उडू नये म्हणून.